ज्याचा फर्मा खिळ्यावर, तो देश

पनामा कुठं आहे हे मला आजही नकाशात पटकन दाखवता येणार नाही, पण पनामाचा झेंडा मी डोळे मिटून शिवून देईन. चार चौकोन, त्यातले दोन पांढरे, एक लाल, एक निळा, आणि पांढऱ्यांवर एकेक चांदणी. हजीऱ्याच्या बंदरात येणाऱ्या जहाजांना सामानसुमान पुरवणारा एक भाई हे झेंडे आमच्याकडून ढिगानं न्यायचा. मी एकदा त्याला विचारलं, "पनामाची माणसं फार येतात वाटतं सुरतेला?" तो हसत सुटला. म्हणाला, "मासी, पनामाचा माणूस मी जन्मात बघितला नाही. जहाज कुणाचंही असो, नोंदणी तिकडची असते." म्हणजे देश एकीकडे, जहाज दुसरीकडे, मालक तिसरीकडेच, आणि झेंडा शिवणारी सुरतेच्या उधन्यात. तेव्हापासून देशाचा आणि झेंड्याचा नक्की काय संबंध यावर डोकं शिणवणं मी सोडून दिलं होतं. सामी नावाचा मुलगा दुकानात येईपर्यंत.

मी मंगला. माहेर पारोळ्याचं. लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा आमचे हे लूमवर होते आणि मी घरी बसून साड्यांना फॉल लावत होते. मग ब्लाऊज शिवले, आणि तिथून जयंतीभाईंच्या झेंड्याच्या कारखान्यात गेले ती गुडघ्यांनी सुट्टी दिली तेव्हाच बाहेर पडले. कारखाना म्हटलं की लोकांना काहीतरी मोठं वाटतं. आमचा खाली छपाईची टेबलं, वर शिलाईची मशिनं आणि त्याच्यावर उघडी गच्ची, एवढाच. पोट भरायचं तिरंग्यावर. पावसाळा लागला की केशरी, पांढऱ्या, हिरव्या कापडाचे तागे जिन्यातसुद्धा पडलेले असायचे. बाहेरच्या देशांचे झेंडे हा जोडधंदा. हिरेवाल्यांकडे परदेशी पाहुणे येतात, प्रदर्शनं भरतात, शाळा-कॉलेजांचे कार्यक्रम असतात, त्यांना ते लागतात.

झेंडा शिवणं सोपं असेल असं ज्याला वाटतं त्यानं एकदा नेपाळचा शिवून बघावा. ब्लाऊजवाल्या बायका नवीन आल्या की त्यांची पहिली फजिती ठरलेली. ब्लाऊजला आतली बाजू असते, तिथं दोरे, पट्ट्या, पाप सगळं लपवता येतं. झेंड्याला आतली बाजूच नसते. वारा आला की तो दोन्हीकडून दिसतो. म्हणून दोन रंगांचा जोड चपटा बसवायचा, दोन्ही कडा दुमडून आत घ्यायच्या आणि वरून दोन टिपा मारायच्या. दांडीच्या बाजूला नेफा, आपल्या परकराला असतो तसाच, फक्त जाड. आणि तयार झाल्यावर गच्चीवरच्या खांबावर एकदा चढवून बघायचा. टेबलावर देखणा दिसणारा झेंडा वाऱ्यात तोंड वाकडं करतो, हे मी कितीदा पाहिलंय.

दुकानाची आणखी एक रीत होती. प्रत्येक देशाच्या झेंड्याचा पुठ्ठ्याचा फर्मा, म्हणजे मापाचा नमुना, भिंतीवर खिळ्याला टांगलेला असायचा. त्यावर देशाचं नाव, रंग आणि कुठली पट्टी वर, कुठली खाली. फर्मा टांगलेल्या सगळ्या देशांचा एकेक झेंडा मिळून आमचा 'सेट' व्हायचा. हा सेट प्रदर्शनांना भाड्यानं जायचा आणि परत यायचा. जयंतीभाईंचं म्हणणं एकच, ज्याचा फर्मा खिळ्यावर, तो सेटमध्ये. नवा फर्मा करायचा तर शेठची परवानगी लागायची, आणि ते सहसा द्यायचे नाहीत, कारण फर्मा करण्यात वेळ जातो आणि एका झेंड्यासाठी कोण एवढं करणार.

फर्म्याकडे न बघता काम केलं की काय होतं त्याचा एक मासला सांगते. एका हिऱ्याच्या शेठकडे बेल्जियमचे पाहुणे येणार होते. काळा, पिवळा, लाल, उभे पट्टे. आमच्या एका नव्या बाईनं विचार केला, जर्मनीचा तयार पडलाय, त्यातही हेच तीन रंग, तोच आडवाचा उभा करू. तिनं नेफा दुसऱ्या बाजूला लावून पाठवून दिला. पण जर्मनीत लाल मधे असतो आणि बेल्जियमात पिवळा. पाहुण्यांनी खुर्चीत बसता बसता मागं वळून पाहिलं आणि शेठला विचारलं, आमच्याबरोबर आणखी कोण येणार आहे? हिरेवाल्यांनी गुलाबाचे हार टांगून झेंडा झाकला आणि जयंतीभाईंना फोनवर जे ऐकवलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

आता सामी. माझ्या कामाचा शेवटचा हिवाळा होता. सुरतेच्या एका कॉलेजात 'परदेशी विद्यार्थी दिन' होता. तिथं शिकणाऱ्या परदेशी मुलांनी आपापला झेंडा घेऊन मैदानात चालत यायचं, आपल्याकडचे पदार्थ मांडायचे, नाच-गाणी करायची. सेट ठरवायला त्यांच्या पारुलमॅडम दुकानात आल्या. पन्नाशीच्या, गोड बोलणाऱ्या, पण पर्स कायम छातीशी धरलेली. त्यांच्यामागून हा उंच मुलगा आला, कुरळे केस, हातात हेल्मेट. त्यानं थेट भिंतीकडे जाऊन सगळे फर्मे वाचले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मासी, मेरा वाला नहीं है?"

"तुझा कुठला?"

"पॅलेस्टाईन."

तो नाबलूसचा. बापाचं कापडाचं दुकान, म्हणून मुलाला कापडाचं इंजिनिअरिंग शिकायला सुरतेला पाठवलेलं. सुरतेत राहून राहून त्याची हिंदी आमच्या गल्लीतल्या पोरांसारखी झाली होती आणि चहात बुडवून खारी खायची सवय लागली होती.

पारुलमॅडमनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "मंगलाबेन, मुलगा गुणी आहे. पण माझी अडचण समजून घ्या. आमच्याकडे संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य देशांचा तक्ता आहे, त्यात याचा देश नाही. तो म्हणे तिथं निरीक्षक म्हणून बसतो. उद्या कुणी फोटो काढून टाकला आणि विचारलं की हा झेंडा का, तर मी काय दाखवू?" त्यांनी सामीला दोन पर्याय दिले होते. जॉर्डनच्या मुलांबरोबर चालायचं, नाहीतर 'पाहुणे' अशी पाटी घेऊन शेवटी यायचं. सामी दोन्हीला नाही म्हणाला होता. तीन वर्षं तो या कार्यक्रमात पदार्थ मांडत होता, भांडी घासत होता, पण चालला कधीच नव्हता. हे त्याचं शेवटचं वर्ष होतं.

त्या दिवसांत टीव्हीवर रोज हाच विषय. इंग्लंड, फ्रान्स, कॅनडा अशा मोठमोठ्या देशांनी नुकतीच पॅलेस्टाईनला मान्यता दिली होती आणि चौकटीत बसून माणसं भांडत होती. एक म्हणायचा, आधी दोघांनी वाटाघाटी करून हद्द ठरवावी, मग मान्यता. दुसरा म्हणायचा, आधी मान्यता द्या, तरच वाटाघाटी बरोबरीनं होतील. मला यातलं काय कळणार, पण आधी-मग या भांडणाची मला चांगली ओळख आहे. आमच्या वस्तीला पालिका म्हणायची, आधी वस्ती नियमित होऊ द्या, मग नळ. आम्ही म्हणायचो, नळ आला की आपोआप नियमित होईल. त्यात आमची तरणी वर्षं पाणी भरण्यात गेली.

मी मॅडमना म्हटलं, "पण आपल्या सरकारनं मान्यता कधीच दिलीय म्हणतात."

"दिलीय," सामी लांबूनच म्हणाला. "अठ्ठासी में. दिल्ली में हमारी एम्बसी है."

अठ्ठ्याऐंशी म्हणजे मी नवरी होऊन सुरतेला उतरले ते वर्ष. मला उगाच त्या मुलाबद्दल आपलेपणा वाटला.

मॅडम विचारात पडल्या. मग त्यांनी असा तोडगा काढला की मी अजून त्यांना मानते. म्हणाल्या, "असं करा जयंतीभाई, तुमचा जो तयार सेट असेल तो मी घेते. मी वेगळा झेंडा मागवला तर मला उत्तर द्यावं लागेल. सेटमध्येच आला तर मी काय करणार? सेट तुमचा." आणि पर्स छातीशी धरून निघून गेल्या.

झालं. जयंतीभाई एका मिनिटात सुरक्षा परिषद होऊन बसले. साधा माणूस, सकाळी देवदर्शन, दुपारी फाफडा, आणि आता त्यांच्यापुढे प्रश्न, पॅलेस्टाईन हा देश आहे की नाही. त्यांनी सामीला खुर्ची दिली, चहा मागवला आणि चौकशी सुरू केली.

"भाई, देश एटले हद्द जोईए. तारी हद्द क्यां छे?" देशाला सीमा लागते, तुझी कुठाय?

सामी म्हणाला, "झगडा उसी का है शेठ. लेकिन झगडा तो आपके देश का भी है बॉर्डर पे. देश तो है ना?"

"पैसे कुठले चालतात?"

"इस्रायल के."

"जो, एम." बघ, असं आहे तर, म्हणत शेठ खूश झाले. "चलन दुसऱ्याचं. आणि सरकारं दोन, मी बातम्यांत ऐकलं. वेस्ट बँकेत एक, गाझात दुसरं. फर्मा कुणाच्या नावानं करू?"

सामीनं चहाचा कप खाली ठेवला. गाझाचं नाव निघालं की त्याचा चेहरा उतरायचा, तिथं त्याच्या आत्याचं कुटुंब होतं. पण तो चिडला नाही. म्हणाला, "सरकार दो हैं, सही बात. मुझे दोनों से शिकायत है. झंडा एक ही है."

शेठची खरी भीती वेगळीच होती, ती चहाच्या दुसऱ्या कपाला बाहेर आली. त्यांचे काही हिरेवाले गिऱ्हाईक इस्रायलशी धंदा करतात, तिथले पाहुणे आले की तो झेंडा आमच्याकडूनच जातो. त्यांना वाईट वाटलं तर? सामी हसला. "उनका झंडा तो सेट में है ना शेठ? मैंने कब बोला निकालो? मैं बोल रहा हूँ एक और डालो."

शेठ म्हणाले, विचार करतो. घरी मी हे सगळं सांगितलं तर आमचे हे टीव्हीवरून नजर न हलवता अहिराणीत म्हणाले, "तुले काय करनं शे? तू टिपा मार." तुला काय करायचंय त्याच्याशी. मी म्हटलं, टिपा मारायच्या तर कशावर मारायच्या ते आधी ठरू द्या.

दोन-तीन दिवसांनी शेठनी मला बोलावलं. धंद्यातल्या माणसाचं डोकं कसं चालतं बघा. म्हणाले, "मंगलाबेन, जॉर्डनमांथी तारो काढी नाखो." जॉर्डनमधला तारा काढून टाका. जॉर्डनचा झेंडा काळा, पांढरा, हिरवा, आणि दांडीकडे लाल त्रिकोण, त्यात पांढरा तारा. पॅलेस्टाईनचाही तसाच, फक्त तारा नाही. म्हणजे छपाईच्या जाळीवर ताऱ्याची जागा उघडी केली की तिथंही लाल बसतो. नवा फर्मा नको, नवं माप नको. मुलगाही खूश, सेटचाही प्रश्न मिटला. मलासुद्धा ही युक्ती पटली, खोटं कशाला बोलू. साडीच्या धंद्यात आम्ही हेच करतो. मोर चालला नाही तर मोर झाकायचा आणि वेलबुट्टी तशीच ठेवायची.

छापून झाला, मी नेफा लावला, आणि रीतीप्रमाणे गच्चीवर चढवला. सामीला फोन करून बोलावलं होतं. जयंतीभाई आणि सेट बघायला आलेल्या पारुलमॅडमही वर होत्या. चांगला वारा होता. चहूकडे गिरण्यांची धुराडी, पत्रे, वाळत घातलेल्या साड्या, आणि मधे तो झेंडा फडफडायला लागला. मी सामीच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, आता याचे डोळे भरून येणार.

तो खो खो हसायला लागला. हसता हसता कठड्यावर बसला.

"मासी, ये तो जॉर्डन है."

"अरे, तारा कुठाय त्यात?"

"तारा नहीं है, फिर भी जॉर्डन है." त्यानं हातानं दाखवलं. जॉर्डनचा त्रिकोण निम्म्या झेंड्यापर्यंत येतो, पॅलेस्टाईनचा एक तृतीयांश लांबीतच संपतो. मग त्यानं जे सांगितलं ते तो हसत हसतच बोलला. "दुनिया में कितने लोग हमको यही बोलते हैं. तुमको अलग देश क्यों चाहिए, जॉर्डन है ना, वही तुम्हारा देश. वो लोग सिर्फ बोलते थे. आपने तो सिल के दे दिया."

जयंतीभाईंचा चेहरा असा झाला की मला त्यांची दया आली. सीमा, चलन, सरकार या सगळ्यांवर ते वाद घालू शकत होते. पण आपल्या दुकानातून एकाचा माल दुसऱ्याच्या नावानं निघाला हे त्यांच्या वर्मी लागलं. बेल्जियमची आठवण झाली असावी. त्यांनी स्वतः दोरी ओढून झेंडा उतरवला. "खोटो माल मारी दुकानमांथी नहीं जाय," एवढंच म्हणाले, आणि पुठ्ठा मागवला.

फर्मा सामीनं काढला. पट्टी, पेन्सिल घेऊन मान खाली घालून बसला आणि आमच्या सगळ्यांना सूचना देत सुटला. त्रिकोणासाठी माझ्याकडून तीनदा कापड कापून घेतलं. मी शेवटी म्हटलं, "बाबा, मी तुझ्या आजीच्या वयाची आहे, हळू बोल." तो म्हणाला, "आजी होती तो और चिल्लाती." छापायचा नाही, शिवायचाच, असं शेठनीच ठरवलं होतं. काळा पक्का घेतला, नाहीतर पहिल्या पावसात पांढऱ्यात उतरतो. लाल एका नवरीच्या घागऱ्याच्या अस्तरातला उरलेला होता. हिरवा हवा होता तो जिन्यातच पडलेला, तिरंग्याचा. मी सामीला विचारलं, हा चालेल का, तुमचा जरा वेगळा असतो बहुतेक. तो म्हणाला, "मासी, ये तो सबसे अच्छा." इतका चोखंदळ मुलगा, पण हिरव्याबद्दल एक अक्षर बोलला नाही.

फर्म्यावर नाव लिहायची वेळ आली तेव्हा शेठ पेन हातात धरून थांबले. पारुलमॅडम दारातच उभ्या होत्या. शेठनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी पर्सकडे पाहिलं. मग शेठनी गुजरातीत मोठ्या अक्षरांत 'पॅलेस्टाईन' लिहिलं आणि पुठ्ठा खिळ्याला टांगला. मॅडम म्हणाल्या, "बस, मला आता काही विचारू नका. मी सेट घेऊन चालले."

कार्यक्रमाला झेंडे बांधायला मीच गेले. देशांची नावं गुजराती मुळाक्षरांप्रमाणे पुकारली, त्यामुळे सामी नेपाळच्या मुलीच्या मागं आला. नाव पुकारलं तेव्हा मी मॅडमकडे पाहिलं. मॅडम मंचाच्या कडेला अशा उभ्या होत्या की कुणी बोललं तर तिथूनच निसटता यावं. कुणी काही बोललं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, जेवढ्या नेपाळला वाजवल्या तेवढ्याच. माझ्या शेजारच्या बाईंनी विचारलं, "आ कयो देश?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अच्छा, टीव्हीवाला," आणि पुढच्या झेंड्याकडे बघायला लागल्या. सामी चालताना हसत नव्हता. इतका हसरा मुलगा, पण मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो अगदी सरळ समोर बघत चालला. माझे डोळे भरून आले. माझ्या शिवलेल्या झेंड्यांखालून किती माणसं चालली असतील, पण डोळे भरले ते तेव्हाच.

दुसऱ्या दिवशी सेट परत आला त्यात त्याचा झेंडा नव्हता. मला वाटलं, नेला असेल पोरानं, आणि मनातून बरंच वाटलं. शेठही म्हणाले, राहू दे, आठवण म्हणून ठेवेल. संध्याकाळी सामी आला. झेंडा धुऊन, इस्त्री करून, घडी घालून आणला होता. मैदानातली धूळ लागली होती म्हणून.

"अरे ठेव ना तुला," मी म्हटलं. "तुझ्यासाठीच शिवला."

त्यानं मान हलवली. "घर में तो बहुत हैं मासी. हर कमरे में है. सेट में नहीं था." आणि स्वतःच्या हातानं त्यानं तो नेपाळच्या पाठीमागं, त्याच्या जागेवर ठेवला.

मग माझे गुडघे बसले आणि मी कामावरून उतरले. सामीची परीक्षा झाली, तो इथंच एका गिरणीत शिकाऊ म्हणून लागलाय आणि अधूनमधून घरी येऊन आमच्या ह्यांना राजकारण शिकवतो. टीव्हीवरचं भांडण चालूच आहे, कोण बरोबर ते ठरायला किती वर्षं जातील कोण जाणे. मी दुकानात जाते ती गप्पा मारायला. परवा गेले तेव्हा जयंतीभाईंना बारडोलीच्या एका शाळेचा फोन आला. सेट तिकडे गेला होता. शिक्षिका सांगत होत्या की तुमचे झेंडे आम्ही तक्त्याशी ताडून पाहिले, त्यात एक जास्तीचा आलाय, काळा-पांढरा-हिरवा, तो चुकून आला असेल तर बाजूला काढून ठेवते.

शेठनी फोन या कानाचा त्या कानाला केला, एकदा भिंतीकडे पाहिलं, आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "वधारानो नथी, बेन. अमारो सेट एटलोज छे. तमारो तक्तो नानो हशे." जास्तीचा नाही, आमचा सेट एवढाच आहे, तुमचा तक्ता लहान असेल.